ओ न देणारी हाडं

आईला दूध आवडत नाही, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. रोज सकाळी ती माझ्यासाठी कपभर दूध गाळायची, गाळणीत अडकलेली साय बोटानं निपटून माझ्याच कपात टाकायची आणि स्वतः गुळाचा कोरा चहा बशीत ओतून घ्यायची. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? कुणाला कारलं आवडत नाही, कुणाला दूध. शिवाय सकाळी मी तोंड उघडलं की भांडणच निघायचं, त्यामुळं आमच्या सकाळी मुक्यानंच जायच्या.

सोलापुरात शुक्रवार पेठेत एका बोळात मागच्या बाजूच्या दोन खोल्या आमच्या. वडील मिलमध्ये होते. ते गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. मी बी.एस्सी. झाले आणि गावातल्याच एका प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागले. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. आमच्या नात्यात नोकरी करणारी मी पहिलीच बाई, आणि सत्ताविसाव्या वर्षी बिनलग्नाची राहिलेलीही पहिलीच. लोक मला तोंडावर ताई म्हणायचे आणि माघारी घोडनवरी. मला दोन्हीची फिकीर नव्हती. निदान मी तसं दाखवायची.

आईची चाल बदलली ती नेमकी कधी, हे मला सांगता येत नाही, आणि याचीच मला आजही लाज वाटते. आधी ती जात्यावरून उठल्यासारखी एका झटक्यात उठायची. मग जमिनीला हात टेकून उठू लागली. मग भिंतीला धरून. मग चालताना एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला डुलायला लागली. मांड्या दुखतात म्हणायची, बरगड्या दुखतात म्हणायची, भाकरी थापताना मधेच थांबून परातीत हात तसेच ठेवून बसायची. शेजारच्या बाया म्हणाल्या, वात आहे. मीही वातच समजले आणि तेलाची बाटली आणून दिली. एकदा तर चिडून म्हटलं, दिवसभर अंधारात बसून बसून हाडं आंबलीत तुझी, जरा बाहेर जात जा. वडील गेल्यापासून ती ओट्यावर बसत नव्हती, हे मला माहीत होतं. विधवेनं सकाळी दारात बसू नये, कामाला निघालेल्यांना अपशकुन होतो, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. ते काढायचा मी कधी प्रयत्नही केला नाही. बोलून मोकळी झाले.

आता प्रयोगशाळेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

आमच्या मॅडम मूळच्या डॉक्टर, प्रबंधाचं काम करत होत्या. चाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, बोलायला मऊ आणि कामाला कडक. त्यांचं काम पांढऱ्या उंदरांवर होतं. उंदरांचे दोन गट केलेले. दोघांना मीच रोज खाणं तयार करून घालायची. तांदळाचं पीठ, साखर, तेल, मीठ, सगळं तोलूनमापून. फरक एवढाच, की एका डब्यात खडूची शुद्ध पूड मिसळलेली आणि दुसऱ्यात नाही. खडू म्हणजे कॅल्शियम. दिसायला दोन्ही डबे सारखेच, म्हणून मी बिनखडूच्या डब्याच्या झाकणावर लाल दोरा बांधला होता. बिनखडूच्या गटाला नळाचं पाणीसुद्धा द्यायचं नाही, कारण आपल्या सोलापूरचं पाणी जड. त्यांना डिस्टिल्ड वॉटर.

काही आठवड्यांनी दोन्ही गटांना एका हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं आणि ठरावीक तासांनी रक्त काढून त्यातलं कॅल्शियम मोजायचं. हे हार्मोन आपल्याही अंगात असतं. मानेत, डाळीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात, त्यांच्यात ते तयार होतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की या गाठी हार्मोन सोडतात. ते जातं हाडाकडं आणि हाडातल्या पेशींना सांगतं, की साठ्यातलं थोडं द्या. हाड देतं. खडू खाणाऱ्या उंदराला इंजेक्शन दिलं, की त्याच्या रक्तातलं कॅल्शियम चांगलं वर चढायचं. बिनखडूच्या उंदराला तेवढंच इंजेक्शन दिलं तर मात्र ढिम्म. चढलं तरी नावाला.

मला वाटलं होतं, या बिचाऱ्यांच्या हाडात काही उरलंच नसेल. मॅडम म्हणाल्या, तसं नाही, हाडात अजून पुष्कळ असतं. पण खाण्यातनं काही येत नाही म्हणून त्या गाठी दिवसरात्र हाक मारत राहतात, दे, दे, दे. सारखी हाक ऐकून हाडातल्या पेशी ओ द्यायचं सोडतात. मग बाहेरून कितीही हार्मोन टोचा, त्यांना ऐकूच जात नाही.

मला हे इतकं भारी वाटलं, की त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं. सहसा मी तिला कामातलं काही सांगत नसे. तिला काय कळणार, हा माझा शिकलेपणाचा माज. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "हाडाची तरी काय चूक? घालायचं कायबी न्हाय आन् रोज मागायचं. कुटनं द्यावं त्यानं?" आणि भाकरी उलटली. मी हसले. माझ्या आईला मॅडमचा प्रबंध एका वाक्यात कळला, असं दुसऱ्या दिवशी मॅडमना कौतुकानं सांगितलंसुद्धा. बोलणारीच्या तोंडाकडं मात्र मी नीट पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी प्रयोगशाळेत भिंतींना चुन्याचा हात द्यायला माणसं आली. उंदरांच्या खोलीच्या भिंती ओलीनं काळ्या पडल्या होत्या, मला त्या बघवत नव्हत्या. मॅडम चार दिवस गावाला गेलेल्या. मीच माणसांना म्हटलं, ही खोलीपण करून टाका. पिंजरे व्हरांड्यात काढले, भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या, वाळल्या, पिंजरे परत आत लावले. खोली लहान, म्हणून एक रांग भिंतीला अगदी चिकटून. मी कमरेवर हात ठेवून स्वतःवर खूश होऊन बघत उभी राहिले होते, ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी इंजेक्शनं दिली, रक्त मोजलं, आणि सगळा घोटाळा. बिनखडूच्या काही उंदरांचं कॅल्शियम खडूवाल्यांसारखं चढलं होतं. मॅडमनी मला दोनदा मोजायला लावलं. तेच. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, डबे बदलले असतील तुझ्याकडून. झालं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी वाट्टेल ते बोलले. लाल दोऱ्याचा डबा त्यांच्या टेबलावर आदळला, म्हटलं स्वतः चाखून बघा. त्या उठून उंदरांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग, भांडण संपलं नव्हतं माझं.

 भिंतीकडच्या रांगेत एक उंदीर मागच्या दोन पायांवर उभा राहून जाळीतून तोंड बाहेर काढून भिंत चाटत होता. तोंड पांढरंफेक. पिंजरा पुढं ओढला तर भिंतीवर उंदराच्या उंचीला एक लांबलचक पट्टा खरवडलेला, आतला जुना काळा रंग दिसेपर्यंत. मधल्या रांगेतल्यांना भिंत लांब होती, ते होते तसेच ढिम्म होते. खडूवाले उंदीर मात्र भिंतीला लागून असूनही तिकडं फिरकले नव्हते. त्यांना गरजच नव्हती. ज्यांना नव्हतं त्यांनीच शोधून काढलं होतं.

मी सांगून टाकलं, की चुना मी मारून घेतला. चार महिन्यांचं काम माझ्या टापटिपीपायी पाण्यात गेलं होतं. मॅडम स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ त्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. त्या रागावतील म्हणून मी वाट बघत होते, त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, तीन आठवडे नुसता चुना चाटला आणि हाडं परत ओ द्यायला लागली बघ. काम पुन्हा करावं लागणार होतं, ते करू म्हणाल्या. मग जरा वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं, की माणसांतसुद्धा हे होतं, बायकांत जास्त. मांड्या, बरगड्या दुखतात. खाली बसलं की उठवत नाही. चालताना डुलतात. नडगी दाबली तरी कळ येते. आणि घरचे लोक म्हणतात, वात आहे.

 मॅडमना काही न सांगता मी तशीच घरी निघाले, रिक्षाची वाटसुद्धा बघितली नाही, जवळजवळ पळतच गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून लुगडं वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. ती कळवळली, तांदूळ सगळे सांडले. इतकं दुखतं तर बोलत का नाहीस, म्हणून मी तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, बोलले की, तू तेल आणलंस.

दुसऱ्या दिवशी तिला मॅडमकडं नेलं. रक्त त्यांनी काढलं, पण मोजलं मी. मॅडम म्हणाल्या होत्या, दुसऱ्या कुणाला देऊ का? मी नको म्हटलं. आमची मोजायची रीत साधी होती. रक्तातलं कॅल्शियम आधी पांढऱ्या साक्यासारखं खाली बसवायचं, धुवायचं, आम्लात विरघळवून गरम पाण्यात धरायचं, आणि वरून ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचा एकेक थेंब सोडायचा. विहिरीत टाकतात ते लाल औषध, तेच. कॅल्शियम असेपर्यंत थेंबाचा रंग पडला की उडतो. संपलं की रंग उडत नाही, गुलाबी राहतो. तिथं थांबायचं आणि किती थेंब गेले ते वाचायचं. हजारदा केलेलं काम. त्या दिवशी मी तोटी अगदी सैल केली, एक थेंब, दुसरा थेंब, आणि मनात म्हणत होते, उड, उड. पण नळी फार लवकर गुलाबी झाली. बिनखडूच्या उंदरांची व्हायची तशीच. मी ती तशीच हातात धरून उभी राहिले आणि मॅडमनी येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली.

कमरेचा एक्स-रे फोटो काढला. हाडांच्या डॉक्टरांनी तो खिडकीकडं धरून दाखवला. मांडीच्या हाडाच्या मानेशी, जिथं ते खुब्याला जुळतं तिथं, एक बारीक आडवी रेघ होती, चीर. ते म्हणाले, अजून आरपार गेलेली नाही. नीट खाल्लं, औषध घेतलं, ऊन घेतलं तर भरून येईल. पण त्याआधी एकदा जरी पडल्या, तर हाड तुटेल, आणि मग या परत चालतील असं मी सांगू शकत नाही. औषध लिहून दिलं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, कॅल्शियमच्या गोळ्या, आणि मोठ्या अक्षरात, दूध रोज दोन वेळा.

मला तर हायसंच वाटलं. एवढंच ना? दूध काय, म्हैस आणून बांधते. संध्याकाळी पेलाभर दूध तापवून तिच्यापुढं ठेवलं. तिनं पेला सरकवला. मी परत पुढं केला. तीन-चार वेळा झालं असं. आवडत नसेल तर औषध म्हणून डोळे मिटून पी, म्हटलं. तेव्हा तिनं सांगितलं, न आवडण्याचं काही नाही, दूध तिला लहानपणापासून फार आवडतं. मंगळवेढ्याला माहेरी ती धार काढतानाच तांब्या तोंडाला लावायची. पण मी पहिलं स्थळ नाकारलं त्या वर्षी तिनं पेठेतल्या देवीला नवस बोलला होता. पोरीचं लग्न होईपर्यंत गोरस सोडला. दूध, दही, ताक, काही नाही.

 मी नाकारलं ते काही एक स्थळ नव्हतं. पहिलं नाकारल्याला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं रोज सकाळी मी तिच्या हातचं दूध पिऊन बाहेर पडत होते, आणि दर स्थळाला नाक मुरडून परत येत होते.

मग माझं तोंड सुटलं ते असं, की आजही ते आठवू नये असं वाटतं. देवीला बोलले, नवसाला बोलले, तिला म्हटलं उंदरांना तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे. ती ऐकत राहिली. मी दमल्यावर म्हणाली, गोळ्या दे, त्या घेते. मी बाटली काढली. तिनं विचारलं, कशाच्या असतात या? आणि मी, मोठी केमिस्ट्रीवाली, सवयीनं सांगून बसले, कॅल्शियम लॅक्टेट. लॅक्टेट म्हणजे, म्हटलं, दूध आंबल्यावर त्यात जे आम्ल होतं त्याचं. तिनं गोळी परत बाटलीत टाकली आणि झाकण लावलं. मग मी कितीही सांगितलं, की याला दुधाचा वाससुद्धा लागलेला नाही, कारखान्यात दुसऱ्याच कशापासून करतात, तरी ती बधली नाही. "आता म्या ऐकलं," एवढंच म्हणाली.

रात्री अंथरुणात मी हिशेब संपवला. मामांनी उन्हाळ्यात आणलेलं एक स्थळ अजून थांबलेलं होतं. मोडनिंबचं. हमरस्त्याला खताचं दुकान, माणूस निर्व्यसनी, घर भरलेलं. अट एकच, नोकरी सोडायची. मी तेव्हा फाडकन नाही म्हणणार होते, पण मामांचा मान म्हणून बघते म्हटलं होतं. लग्न झालं तर नवस सुटणार होता, आणि नवस सुटला तर आई दूध पिणार होती. यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी उशी ओली झाली, ती झालीच.

सकाळी पोस्टकार्ड लिहिलं. मामांस सा. न., मोडनिंबचं स्थळ पसंत आहे, पुढचं बघावं. ते आईला वाचून दाखवलं आणि दुधाचा पेला तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, झालं माझं लग्न समज, आता पी.

ती पेल्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. मग विचारलं, नोकरीचं काय? मी म्हटलं, सोडायची. उंदरांचं काय? मी म्हटलं, दुसरी कुणीतरी बघेल. तुला पाहिजे आहे का हे, खरं सांग.  मला तिच्याशी भांडता येत होतं, खोटं बोलायला जमत नव्हतं.

"म्या नवस बोलले तो तुझं बरं व्हावं म्हणून," ती म्हणाली. "माझ्या हाडासाठी तू लगीन करनार आसशील, तर मोडू दे त्ये हाड."

मी तिच्या पाया पडले, अक्षरशः. म्हटलं, पडलीस तर परत उठणार नाहीस, मी काय करू? तिला माझं रडणं सहन होत नसे, कारण मी रडायची फार कमी. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि सौदा केला. आधी ते कार्ड फाड. दुसरं लिही, की हे स्थळ नको. ते पेटीत टाकून ये. मग तू म्हणशील ते औषध घेते, फक्त गोरस सोडून. मी म्हटलं, गोरस सोडून मी काय देऊ तुला? तर म्हणाली, तुझ्या उंदरांनी काय खाल्लं? चुना काय गोरस न्हाय. ल्हानपणी तुला दात येत नव्हते तवा चुन्याची निवळीच पाजत हुते की.

मी पहिलं कार्ड फाडून दुसरं लिहिलं. तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं, कारण तिला अक्षर येत नव्हतं आणि माझ्यावर त्या दिवशी विश्वास नव्हता. मी कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आले, तोवर ती काही न खातापिता बसून होती.

मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्याही नाहीत आणि चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, चालेल, पण मापात, मी सांगते तसंच, आणि महिन्या-महिन्याला रक्त बघायचं. माझ्या प्रयोगशाळेतला तो शुद्ध खडू घे, तो तर दगडातलाच आहे, त्याच्या पुड्या करून दे. इंजेक्शनं त्यांनी स्वतः दिली. भाकरीबरोबर तिळाची चटणी, राजगिऱ्याचा लाडू, शेवग्याचा पाला, जे जे गोरस नाही आणि ज्यात कॅल्शियम आहे असं मॅडमना आठवलं, ते सगळं आमच्या घरात शिरलं. आई पुडी जिभेवर टाकायची, तोंड वाकडं करायची आणि चुना तळाशी बसल्यावर वर राहतं ते निवळीचं पाणी वरून प्यायची. उन्हाचा तंटा वेगळाच झाला. ओट्यावर बसायला ती तयार होईना. शेवटी मी सकाळची तिच्याबरोबर दारात बसायला लागले, कामावर जायच्या आधी अर्धा तास. म्हटलं, अपशकुन झालाच तर दोघींचा होऊ दे. बोळातले लोक आमच्याकडं बघत जायचे आणि मी त्यांच्याकडं टक लावून बघायची. महिनाभरात त्यांची सवय मोडली.

तो हिवाळा मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत काढला. मोरीपाशी पाणी सांडलं तर जीव वरखाली व्हायचा. प्रयोगशाळेत पिंजरे साफ करताना घरी ती पडली तर नसेल ना, एवढंच डोक्यात असायचं. एकदा परत येताना बोळात चार बाया आमच्या दाराशी उभ्या दिसल्या आणि मी पळत सुटले. त्या चिंच फोडायला बसल्या होत्या, आई मधोमध.

पहिल्या महिन्याचं रक्त फारसं बदललं नाही. दुसऱ्या महिन्यात थोडे थेंब जास्त उडाले. चौथ्या महिन्यात मी तोटी उघडली आणि थेंबामागून थेंब जात राहिला, रंग येत होता आणि उडत होता, मी वाचायचं विसरून बघतच राहिले, आणि ती नळी फुकट गेली. दुसरी केली. मॅडमनी आकडा वहीत लिहिला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. फोटोतली रेघही भरत आली होती. पाय किंचित आखूड राहिला, ती लंगडी चाल तिची कायमची झाली, पण ती चाल होती.

चैत्रात ती एक दिवस म्हणाली, देवीला जायचं. पेठेतल्याच देवळात, पण त्याला उंच दगडी पायऱ्या आहेत आणि वर्षभर ती तिथं गेली नव्हती. मी हात पुढं केला, तिनं बाजूला सारला. एकेक पायरी चढली, दोन्ही पाय एका पायरीवर घेत, थांबत. मी मागं, ती पडली तर धरायला. घामानं माझीच चोळी भिजली.

वर गेल्यावर मला वाटलं, नवसाची आठवण द्यायला आली असणार, अजून एखादं स्थळ मागायला. माझं मन कडू झालं. आई गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली, हात जोडले, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं देवीशी बोलली.

"आये, तिला न्हाय करायचं लगीन. न्हाई तर न्हाई. माझं दूध आता तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली. कळलं तेव्हा मी खांबाला धरून रडले, सगळ्या बायकांदेखत. तिनं नवस माघारी घेतला नव्हता. माझ्या लग्नाची अट तेवढी काढून घेतली होती, आणि दूध कायमचं देऊन टाकलं होतं.

तिनं वाकून उंबऱ्याला हात लावला, भिंतीला न धरता उभी राहिली आणि म्हणाली, चल, तुला कामाला उशीर व्हतोय.